खरवडलेली ढाल

१

मला राग आलेला आहे आणि तो उतरायचा नाही. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे कुठे माझा आवाज चढला तर कुणी दचकू नये.

रोज सकाळी कुंपणातल्या फटीतून मी शेजारी गिचुहीकडे दूध घेऊन जायची. त्यांची गाय आटलेली, माझी भरपूर देते. दूध ओतायला कितीसा वेळ लागतो? पण गिचुहीची बायको वामाइथा चहा टाकायची, मी छपरीतल्या ओंडक्यावर टेकायची, गिचुही लाकूड तासत असायचा, आणि आमच्या डोंगराच्या धारेवर आदल्या दिवशी काय काय झालं ते कुणीतरी त्या माणसाला सांगायला नको?

"आली बातमीवाली," तो हातातला वाकस न थांबवता म्हणायचा. "आज कुणाच्या भांड्यात डोकावून आलीस?"

"तुझ्याच डोक्यात डोकावणार होते," मी म्हणायची, "पण भुसा उडेल डोळ्यात."

तो ढाली करायचा. आमच्या जुन्या नाचाच्या ढाली. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाच्या, लांबट पानासारख्या, पुढे रंगवलेल्या नागमोडी रेघा, मागच्या बाजूला दंड घालायला कोरलेली जागा. या काही भाल्याबरछ्या अडवायच्या नव्हेत. वयात येण्याच्या विधीच्या आधी तरणी पोरं टोळीनं या धारेवरून त्या धारेवर नाचत जायची, तेव्हा डाव्या दंडात चढवायची. आता नाचतं कोण? आता त्या हॉटेलांच्या भिंतींवर टांगतात. गिचुहीचा माल न्येरी शहराच्या बाजूच्या एका हॉटेलवाल्याकडे जायचा. नव्या ढालीला तो चुलीवर धुरी द्यायचा, बुटाचं पॉलिश चोळायचा, की झाली आजोबाची.

त्या दिवशी आमच्याकडचं जुलैतल्या थंडीचं धुकं होतं, समोरचं केळीचं झाडसुद्धा दिसेना. गिचुहीनं बाह्या वर सारल्या होत्या आणि डाव्या हातानं ढाल धरून तो उजव्यानं दंडाची जागा साफ करत होता. मी चहाचा घोट घेतला आणि तो घोट तसाच तोंडात राहिला.

त्याच्या डाव्या हातावर, कोपराच्या खाली, कोयत्याचा व्रण होता. चांगला बोटभर लांब, फिकट, गोगलगायीसारखा. मी नवी नवरी होते तेव्हाचा. गुरांचं गवत कापताना कोयता निसटला आणि माझ्या डोक्याचं कोरं करकरीत फडकं फाडून मी तो हात बांधला होता. त्या फडक्यावरून माझ्या सासूनं मला आठवडाभर टोचलं. त्या व्रणावर गिचुहीइतकाच माझाही हक्क आहे म्हणा ना.

तो व्रण तिथं नव्हता. कातडी साफ होती, गुळगुळीत, नुकत्या सोललेल्या फांदीसारखी.

२

आधी मी स्वतःलाच झापलं. उजवा हात असेल, बाई. मग उजवा बघितला. तिथं नव्हता, कारण तिथं कधी नव्हताच. मी काय विसरेन? माझ्या लग्नातलं जेवण विसरेन, पण ते फडकं नाही.

"गिचुही, तुझा व्रण कुठे गेला रे?"

"कसला व्रण?"

"कोयत्याचा! मी बांधलेला!"

तो हात उलटसुलट करून बघू लागला. चेहऱ्यावर थट्टा नव्हती. कुणी तुम्हाला विचारावं की तुमचा तिसरा कान कुठे आहे, तसा तो बघत होता. "कोयता मला कधी लागला?" म्हणाला.

वामाइथाला विचारलं तर ती म्हणाली, "विरला असेल गं. दिवसभर हाताला एरंडेल माखलेलं असतं त्याच्या."

एरंडेल. खरंच छपरीत एरंडेलाचा वास होता, जुना, खवट. पण गिचुही पॉलिश वापरायचा, एरंडेल कधी आणलं त्यानं? नाचणारी पोरं अंगाला एरंडेल आणि गेरू चोळायची, ते आमच्या सासूच्या वेळचं.

दुसऱ्या सकाळी मी मुद्दाम त्याच्या दंडाकडे बघितलं. तिथं देवीची लस टोचल्याची खूण होती, गोल, सुरकुतलेली. आमच्या वयाच्या सगळ्यांना असते. होती म्हणतेय. तीही नव्हती.

आणि तेवढ्यात ते ऐकू आलं. खर्र. खर्र. काचेच्या तुकड्यानं लाकडावरचा जुना रंग काढताना येतो तसा आवाज. छपरीतून येत होता यात शंकाच नाही, कारण छपरीत मी बसले होते. वामाइथा बाहेर चूल फुंकत होती. गिचुही माझ्यासमोर पाटावर बसून चहा पीत होता. त्याचे दोन्ही हात कपावर होते.

"उंदीर असेल," मी म्हणाले.

"काय असेल?" गिचुही म्हणाला. त्याला ऐकू येत नव्हतं. तो डाव्या दंडाला मात्र कपानं जरा घासत होता, खाज सुटल्यासारखा.

३

त्याच आठवड्यात वारिगिया आत्या घरी आली. ही गिचुहीच्या बापाची बहीण. लग्न केलं नाही, त्याच आवारात तिची वेगळी खोली, आणि जीभ अशी की धारेवरचे कुत्रेसुद्धा तिच्या दारावरून गुमान जातात. डोळ्यांच्या ऑपरेशनला न्येरीला गेली होती आणि बरेच दिवस भाचीकडे राहिली होती. आता तिला नीट दिसू लागलं होतं. तेच नडलं.

मी तिच्यासाठी उकडलेल्या अळकुड्या घेऊन गेले. ती खाटेवर बसलेली, अजून अंगात कोट, आणि डोक्यावरच्या भिंतीकडे बघत होती. धुरानं काळ्या झालेल्या फळ्यांवर एक लांबट पानाच्या आकाराचा पिवळट डाग होता. काहीतरी वर्षानुवर्षं टांगलेलं काढलं की राहतो तसा.

"कमांडेच्या आई," माझ्या लेकावरून मला हाक मारत ती म्हणाली, "माझ्या भावाची ढाल कुणी नेली?"

ती ढाल मी बघितलेली होती. म्हणजे तिची पाठ बघितलेली होती. ती कायम तोंड भिंतीकडे करून टांगलेली असायची. पुढून कशी आहे हे विचारायचा मी एकदा प्रयत्न केला होता, तर आत्यानं माझ्या हातातला चहाचा कप काढून घेतला होता.

"साफ करायला नेली असेल गिचुहीनं," मी म्हणाले. माझा हेतू चांगला होता.

आत्या उठली. इतकी म्हातारी बाई इतक्या वेगानं अंगण ओलांडताना मी बघितली नव्हती.

छपरीत ढाल कामाच्या पाटावर पालथी नव्हे, उताणी पडली होती. निम्मी कोरी, निम्मी रंगीत. खाली काचेचे तुकडे आणि पांढरी, काळी, गेरवी भुकटी. गिचुही अभिमानानं उभाच राहिला.

"आत्या! बरं झालं आलीस. हे बघ, वरच्या रंगाखाली खरवडून उरलेला दुसरा रंग आहे, त्याखाली तिसरा. प्रत्येक पिढीची नक्षी वेगळी! हॉटेलवाला तर खूश आहे. म्हणतो, अशा जुन्या नक्षीच्या काढ म्हणून. मी सगळ्या उतरवून घेतोय."

आत्यानं त्याच्या थोबाडीत मारली. पन्नाशीच्या माणसाच्या, त्याच्या बायकोसमोर, माझ्यासमोर.

"कुणाला विचारलंस?"

"माझ्या घरातली वस्तू—"

"कुणाला विचारलंस?"

तो गालावर हात धरून हसायला लागला, लाजून हसतात तसा. "कुणाला विचारायचं, आत्या? मेलेल्याला?"

४

संध्याकाळी आत्याच्या चुलीपाशी बसून मी तिच्याकडून ते सगळं काढून घेतलं. मला कुणी काही सांगितलं नाही असं क्वचितच होतं.

तिचा मोठा भाऊ गाकुरू. गोऱ्यांनी आणीबाणी पुकारली होती, जमावबंदी होती, तरी त्या साली या धारेवर पोरं नाचायला निघाली होती. त्याची ढाल रंगवताना हिनं रंगाच्या वाट्या धरल्या होत्या. ही दहा-बारा वर्षांची. वरून खाली नागमोड, मधोमध डोळा, कडेला दात. तो दंड भरून नाचत असतानाच सरकारची गाडी आली. शिपायांनी त्याच्या दंडातून ढाल ओढून काढली, कातडीसकट, आणि त्याला गाडीत टाकलं. तो परत आला नाही. कुठं नेलं तेही कुणी सांगितलं नाही.

"ढाल सोडायची एक रीत असते," आत्या म्हणाली. तिचा आवाज तापलेल्या तव्यासारखा होता, वर काही दिसत नाही पण हात लावून बघा. "ज्यानं घातली त्यानंच स्वतःच्या हातानं आपला रंग खरवडायचा. मग घरातला पुढचा येतो, समोर उभा राहतो, मला दे म्हणून मागतो. मग आधीचा आपला दंड काढून ढाल देतो. मागितल्याशिवाय कुणी देत नाही आणि खरवडल्याशिवाय कुणी घेत नाही. गाकुरूनं खरवडली नाही. कुणी मागितली नाही. अजून त्याचाच दंड आहे तिच्यात."

"अगं पण गिचुहीला हे ठाऊक नव्हतं का?"

"ठाऊक होतं. माझ्या मांडीवर बसून ऐकलंय त्यानं. ठाऊक असलेलं लोक काय करतात, तुला ठाऊक नाही?"

मी म्हटलं, तुझ्या घरची रीत तू जाण, पण त्याच्या हातावरचा व्रण गेलाय, लशीची खूण गेलीय. आत्यानं चुलीतलं लाकूड आत सारलं.

"मग?" म्हणाली. "ह्यानं त्याला खरवडलं. आता तो ह्याला खरवडतोय. पुढच्याचा रंग चढायचा तर आधीचा नको का निघायला?"

मी चर्चला जाणारी बाई आहे, बायकांच्या मंडळाची खजिनदार आहे. असल्या गोष्टी मी ऐकून सोडून देते. पण त्या रात्री मी माझ्या स्वतःच्या हातावरच्या खुणा दिव्यापाशी बसून बघितल्या, एकेक, बोट लावून.

५

मी गिचुहीला धरलंच. "एकदा माग ना रे," म्हटलं. "तुझं काय जातंय? छपरीत उभा राहा, म्हण, गाकुरू काका, चूक झाली, ढाल मला द्या. कोण ऐकतंय? मी कुणाला सांगणार नाही."

"तू कुणाला सांगणार नाहीस!" तो खो खो हसला. वामाइथासुद्धा हसली. मग तो गंभीर झाला आणि चिडला. "त्या म्हातारीनं माझं सगळं आयुष्य त्या मेलेल्याच्या नावानं कोंडून ठेवलंय. लहानपणी तिच्या खोलीत जोरात बोलायचं नाही, भिंतीकडे बघायचं नाही. माझा बाप त्याचा भाऊ होता ना? माझ्या बापाचं नाव घेते का ती कधी? मी माझ्या हातानं कोरतो, माझ्या हातानं खातो. कुणापुढे हात पसरणार नाही."

आणि त्यानं आमच्यासमोर, मुद्दाम, काचेचा तुकडा घेऊन ढालीवरचा उरलेला रंग ओढून काढला. मधला डोळा गेला. दातांची कड गेली. मग डावा दंड तिच्या मागच्या जागेत घुसवला आणि उभा राहिला, म्हणाला, बघा, काय होतंय?

काही झालं नाही. फक्त ती जागा त्याच्या दंडाला फार अरुंद होती, तरण्या पोराच्या मापाची, तरी दंड सरकन आत गेला. आणि काढताना त्याला जरा वेळ लागला. आतून एरंडेलाचा वास भपकन आला. त्यानं दंड काढला तेव्हा त्यावर गेरूची लाली लागलेली होती.

"जुना रंग," तो म्हणाला.

जुना रंग ओला असतो का, हे मी विचारणार होते. वामाइथानं माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसले. मी गप्प बसले हे लक्षात ठेवा, कारण ते फार वेळा होत नाही.

६

त्यानंतर ते भराभर सरकलं.

उजीच्या, म्हणजे पेजेच्या, पातेल्यानं भाजल्याचा मनगटावरचा डाग गेला. हातांचे घट्टे गेले, तळवे शाळेतल्या मुलासारखे मऊ. हनुवटीवर कांजिण्यांचा खड्डा होता, तिथं दाढी करताना तो नेहमी शिवी द्यायचा. आता तिथं शिवी द्यायला काही उरलं नव्हतं. मी सकाळी जायची ती नुसती बघायला जायची. दूध तर बहाणा होता, आणि तसा तो नेहमीच होता.

आवाज आता दिवसभर थांबत नव्हता, वामाइथालाही ऐकू यायचा. खर्र, खर्र. मला वाटायचं छपरीच्या पाठीमागून येतोय. मागे गेलं की आतून. आत गेलं की गिचुहीच्या अंगाच्या बाजूनं. एकदा मी त्याच्या शेजारी बसून त्याच्या खांद्याजवळ कान नेला. मग मी लगेच उठले आणि घरी आले आणि काहीही कारण नसताना सगळी भांडी घासली.

एक दिवस त्यानं वाकस उचलला आणि तो कसा धरायचा तेच त्याला सुधरेना. दांडा दोन्ही हातांत घेऊन तो बघत राहिला. एवढी वर्षं त्या वाकसावर जेवलेला माणूस.

"वामाइथा," त्यानं हाक मारली, "हे कशाचं असतं?"

वामाइथा त्या दिवशी आत्याच्या दारात जाऊन जमिनीवर बसली. मी तिच्याबरोबर होते. "आत्या, तुम्हाला ती नक्षी आठवते. वाट्या तुम्ही धरल्या होत्या. ढाल पुन्हा त्यांच्या रंगानं रंगवा. जशी होती तशी भिंतीला लावा. मी पाया पडते."

"त्याला मागू दे," आत्या म्हणाली.

"त्यांना आता बोलायचं सुचत नाही!"

"बोलायचं सुचत होतं तेव्हा हसला."

मला राहवलं नाही. "आत्या, लाज वाटू दे. तुझ्या दुसऱ्या भावाचा पोरगा आहे तो. तुझ्या मांडीवर मुतलाय तो."

आत्या माझ्याकडे वळली. त्या ऑपरेशन केलेल्या डोळ्यांत पाणी नव्हतं, काही नव्हतं. "माझ्या भावाला गाडीत टाकलं तेव्हा तो ओरडत होता. आख्खी धार ऐकत होती. तुझ्या सासऱ्यानं दार लावून घेतलं. बाकीच्यांनी पण लावलं. साठ वर्षांत एक जण येऊन म्हणाला नाही की वारिगिया, वाईट झालं. तुम्ही मला लाज शिकवताय?"

आम्ही दोघी उठून आलो. खरं होतं ते. पण खरं बोलणाऱ्या माणसाचाही राग येऊ शकतो, आणि मला आला.

७

शेवटी गिचुहीनंच होकार दिला. म्हणजे वामाइथानं त्याला हाताला धरून आत्याच्या दारात नेलं, आणि ती म्हणाली तसं तो तिच्यामागून म्हणाला. "मला द्या." कुणाला म्हणतोय हे त्याला कळत होतं असं मला वाटलं नाही. आत्यानं त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. मग आत जाऊन तीन वाट्या आणल्या. पांढरी माती, गेरू, आणि एरंडेलात कालवलेली काजळी. तयार होत्या. कधीपासून तयार होत्या, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

"छपरीत बसव त्याला," म्हणाली. "ढाल आत आहे ना? तुम्ही बाहेर थांबा."

तिनं दार ओढून घेतलं. दुपार होती, पण धुक्यानं पत्र्याच्या कडांवरून थेंब गळत होते. वामाइथा माझा हात धरून उभी होती.

खर्र थांबलं. इतके दिवस कानात असलेला आवाज थांबला की कसं होतं, तसं झालं. मला वाटलं मी बहिरी झाले.

"थांबलं," वामाइथा म्हणाली आणि रडायला लागली. "बघ, थांबलं. रंगवतायत ढाल."

मी बातमीवाली आहे. मी फळ्यांच्या फटीला डोळा लावला.

ढाल समोरच्या भिंतीला टेकवलेली होती. कोरी. तिला कुणी हात लावलेला नव्हता.

आत्या जमिनीवर गुडघे टेकून बसली होती, माझ्याकडे पाठ. तिच्यापुढे कुणीतरी बसलं होतं, मला दिसत होता तो फक्त डावा हात, तिच्या हातात धरलेला. ती पिसाच्या टोकानं त्या दंडावर रेघ ओढत होती. वरून खाली नागमोड. सावकाश. हात सडपातळ होता, तकतकीत, त्याची एकही शीर ओळखीची नव्हती. तिनं पीस दंडाच्या आतल्या बाजूला नेलं तसं कुणीतरी हसलं. गुदगुल्या होऊन हसतात तसं. तरणं, खळाळतं हसू.

"हलू नको रे," आत्या म्हणाली. मी तिला कधी त्या आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं. लहान मुलीचा आवाज होता तो. "हलू नको, नागमोड बिघडते."

मी फटीपासून मागे झाले. वामाइथानं विचारलं, "काय दिसलं?"

"रंगवतायत," मी म्हणाले.

८

दार उघडलं तेव्हा वामाइथा आत्याला ढकलून आत धावली. तो दारातच उभा होता. कपडे गिचुहीचे होते. ढगळ झाले होते. तोंड… तोंडाबद्दल मी सांगणार नाही. मी नीट बघितलं नाही, आणि मी नीट बघितलं नाही असं आयुष्यात एकदाच झालंय. धुकं होतं असं समजा.

"अहो," वामाइथा म्हणाली. तिनं त्याचे दोन्ही हात धरले. "अहो, बरं वाटतंय ना?"

त्यानं हळूच आपले हात सोडवून घेतले. उद्धटपणे नाही. मोठ्या बायांशी वागायचं वळण असलेल्या पोरानं सोडवावेत तसे.

"मावशी," तो म्हणाला, "थोडं पाणी द्याल का?"

वामाइथा मागे सरली.

मी आत्याला खांद्याला धरून वळवलं. म्हातारी आहे, हाडं ठिसूळ आहेत, मला पर्वा नव्हती. "ढाल रंगवायची होती! ढाल!"

"तो म्हणाला मला द्या. मी रंग दिला."

"गिचुही कुठे आहे?"

"खरवडलेलं रिकामं ठेवतात का?" ती म्हणाली. तिच्या हातांना अजून गेरू होता, आणि ती हसत नव्हती, पण तिच्या चेहऱ्यावरची गाठ सुटली होती. "त्यांनी माझा भाऊ फाडून नेला. कुणी आणून दिला नाही. तुमच्या चर्चनं नाही, सरकारनं नाही. मी बसले, वाट बघितली, आणि तो स्वतः आला. आता मी त्याला माघारी पाठवू? कशासाठी? तुझ्या सकाळच्या चहासाठी?"

"तिच्या नवऱ्यासाठी!"

आत्यानं वामाइथाकडे बघितलं. क्षणभर काहीतरी हललं तिच्यात, मी शपथेवर सांगते. मग ती म्हणाली, "तिला सवय होईल. मला झाली होती."

आणि तो पोरगा, की माणूस, की जो कोण असेल तो, पाण्याची वाट बघत अंगणात उभा होता. आत्या त्याला पाणी आणायला धावत गेली. धावत.

९

आता तो तिच्या खोलीत राहतो. सकाळी आत्या त्याला कणसं भाजून देते आणि दोघं दारात बसतात. तो तिच्या वेण्यांची, म्हणजे नसलेल्या वेण्यांची थट्टा करतो. धारेवरच्या लोकांनी पहिल्या आठवड्यात बरंच विचारलं. गिचुहीला डोक्याचा काही त्रास झाला असं कुणी म्हणालं, कुणी म्हणालं आत्याचा कुणी लांबचा नातू आलाय. मग विचारणं बंद झालं. लोकांना दार लावून घ्यायची सवय आहेच, ती काही गोऱ्यांबरोबर गेली नाही.

मी मात्र लावलं नाही. रोज सकाळी दुधाचं भांडं घेऊन मी फटीपाशी उभी राहते आणि ओरडते. त्याच्याकडे बघून, सगळ्या धारेला ऐकू जाईल असं. गिचुही! कंजूष माणसा! तू माझ्या कमांडेच्या लग्नात दोन ताटं मक्या-घेवड्याची गिथेरी खाल्लीस आणि वर म्हणालास घेवडा कच्चा आहे! गिचुही! तू वामाइथाला मागणी घालायला आलास तेव्हा तुझ्या पायात एक तुझा आणि एक तुझ्या बापाचा बूट होता! गिचुही! तू पोरीच्या बाळंतपणात अंगणात बसून रडलास आणि म्हणालास डोळ्यात भुसा गेला! मी त्याला शिव्या देते. माझ्याकडे त्याच्या खूप गोष्टी आहेत, आयुष्यभर मी दुसरं केलं तरी काय? कुणीतरी एकेक परत लावत बसलं पाहिजे. रोज एक लावते. कधी कधी तो मान वर करून बघतो, पण माझ्याकडे नाही, मी ओरडतेय त्या दिशेला, लांब रस्त्याकडे.

आत्या मला दगड मारते. मारू दे.

आज सकाळी मी घसा बसेपर्यंत ओरडले. वामाइथा चहाचा कप घेऊन फटीपाशी आली. किती दिवसांनी तिचा चेहरा शांत दिसत होता, झोप झाल्यासारखा. मला बरं वाटलं. तिनं कप माझ्या हातात दिला, डोक्याच्या फडक्यानं माझ्या कपाळावरचा घाम पुसला आणि काळजीनं म्हणाली,

"कमांडेच्या आई, रोज रोज घसा फोडतेस. कोण गं हा गिचुही?"

मी कप कुंपणात फेकला आणि तिच्या तोंडावर, तिच्या शांत झोपलेल्या तोंडावर, पुन्हा पहिल्यापासून ओरडायला सुरुवात केली.